चौथा कोपरा

जुना ट्रे माझ्यामुळे फुटला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला माझी दया यायला नको.

आमच्या घरामागे लाकूडकामाची शेड आहे. तिचा अर्धा भाग सासऱ्यांचा. तिथे त्यांचं बाकडं, रंधे आणि भिंतीवर लहान-मोठ्या मापाने टांगलेल्या पटाश्या. उरलेल्या अर्ध्या भागात माझं मशीन. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, फळी टेबलावर घट्ट आवळायची आणि बटण दाबायचं. मग आडव्या कमानीवर बसवलेली मोटर पुढेमागे फिरते आणि खालचं बिट ती नक्षी लाकडात कोरतं. तीन वर्षांपूर्वी मी ते घेतलं तेव्हा सासरे एवढंच म्हणाले, की आवाज फार करतं. दुसऱ्या दिवशी कानात कापूस घालून आले आणि विषय मिटला. लाकूड ते निवडतात, कोरते मी, आणि आमचं बरं चाललं आहे.

रोज चार वाजता सासूबाई चहा घेऊन शेडमध्ये यायच्या. तीन कप आणि बिस्किटांची बशी, सगळं त्या लाकडी ट्रेमध्ये. त्या फळ्यांच्या थप्पीवर बसायच्या, सासरे बाकड्याला टेकायचे, मी मशीन बंद करायचे आणि पंधरा मिनिटं आम्ही तिघं माझ्या नवऱ्याच्या कागाळ्या करायचो. तो ऑफिसात असायचा, त्यामुळे कोणाचाच हिरमोड व्हायचा नाही.

त्या दिवशी मला घाई होती. कप उचलून बाजूला ठेवले आणि ट्रे मशीनच्या टेबलावरच राहिला. माझं मशीन सुरू झालं की आधी स्वतःच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहतं, तिथून त्याचं मोजमाप सुरू होतं. वाटेत काय आहे ते त्याला दिसत नाही. दिसतं ते मला, आणि मी बघत होते स्क्रीनकडे. कमानीने ट्रे ढकलत नेला आणि कडेच्या लोखंडी पट्टीवर दाबून धरला. मी लाल बटणावर हात मारेपर्यंत तो मधोमध चिरला होता आणि एका कोपऱ्याचा चुरा झाला होता.

तो ट्रे सासऱ्यांनी बेचाळीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या पहिल्याच वर्षी कोरलेला. अक्रोडाचं लाकूड, दोन्ही टोकांना हात घालायला खाचा आणि आत चारही कोपऱ्यांत तीन-तीन पानांचा झुबका. तीन कोपरे असे कोरलेले, की पानांच्या शिरा नखाने चाचपून बघाव्यात. चौथा मात्र बिघडलेला. त्यातलं मधलं पान जाड, शीर एका बाजूला कललेली आणि पानाच्या टोकाशी ढलपी उडालेली. सासऱ्यांचा हात घसरला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ते स्वतःच सांगायचे.

सासूबाई आवाज ऐकून धावत आल्या. अशा वेळी माणसाने तोंड बंद ठेवावं. पण माझं तोंड आणि माझी अक्कल यांची गाठ क्वचितच पडते. मी म्हणाले, "त्यातल्या त्यात बरं झालं, आई. गेला तो वाकडाच कोपरा गेला. चांगले तीन शाबूत आहेत."

त्या म्हणाल्या, "असू दे." मग त्यांनी दोन तुकडे उचलले, चुऱ्यातल्या मोठ्या ढलप्या वेचून कागदात बांधल्या आणि घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक आली, चहा झालाय. तिसऱ्या दिवशीही तेच. आम्ही दोघं आत जाऊन उभ्याउभ्या चहा प्यायचो आणि परत यायचो. सासूबाई माझ्याशी बोलत होत्या, जेवायला वाढत होत्या, कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त शेडमध्ये त्यांनी पाऊल टाकलं नाही. भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, भांडणात मी तयार आहे. मला तो शेडमधला चहा परत हवा होता, आणि तो कसा मागायचा ते कळत नव्हतं.

मला वाटलं, नवऱ्याच्या हातची वस्तू गेली म्हणून त्यांना लागलं आहे. मग उपाय सरळच होता. तसाच ट्रे करून द्यायचा, हुबेहूब.

शाबूत कोपऱ्यांतला सगळ्यात सुबक कोपरा मी निवडला. त्याच्याशेजारी पट्टी ठेवून वरून फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला आणि त्यावरून एकेक रेष ओढली. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. पुढचं काम मात्र चुटकीसरशी झालं, कारण माझ्या धंद्यात एक कोपरा नीट काढला की बाकीचे तीन फुकट मिळतात. आरशात दिसावा तसा तो आडवा उलटवायचा, मग जोडी उभी उलटवायची. चारही कोपऱ्यांत केसाचाही फरक नाही. मी खुर्चीला टेकून स्क्रीनकडे बघितलं आणि स्वतःवर खूश झाले.

सासऱ्यांनी अक्रोडाची जुनी फळी काढून दिली. तिच्यावर टिचकी मारून कान लावला, रंधा फिरवला आणि वरची बाजू कोणती ते पेन्सिलीने खूण करून सांगितलं. जाड बिटाने मी आधी आतला खोलगट भाग काढला, मग कडा गोल केल्या आणि शेवटी पानांसाठी टोकदार बिट लावलं. ते खोल गेलं की रेष रुंद होते, वर आलं की बारीक. सव्वातीन तास मशीन चाललं. सासरे अधूनमधून येऊन बघून जात. चौथा कोपरा पुरा झाला तेव्हा ते म्हणाले, "चारही सारखे आले."

मी म्हणाले, "मग? मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचाही फरक सापडणार नाही."

ते मान हलवून गेले. मला ते कौतुक वाटलं.

काचपेपर मारून, जवसाचं तेल पाजून, दोन दिवस सुकवून मी तो ट्रे सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरला, चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवलं आणि चौथ्यावर थांबल्या. "छान झालाय," त्या म्हणाल्या. "अगदी छान." मग स्टुलावर चढून त्यांनी तो सगळ्यात वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे उभा करून ठेवला. चार वाजता खिडकीतून हाक आली, चहा झालाय.

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी तडक शेडमध्ये गेले. सासरे दगडावर पटाशी घासत होते. माझं काय चुकलं ते एकदा सांगून टाका, असं मी त्यांना म्हणाले. हवं तर शिव्या द्या, पण हा मुका मार मला सहन होत नाही.

त्यांनी कानातला कापूस काढला. "तो वाकडा कोपरा माझा नव्हता," ते म्हणाले. "हिने कोरला होता."

मग त्यांनी सांगितलं. ट्रे त्यांनी स्वतःच्या घरासाठीच करायला घेतला होता. तीन कोपरे झाले आणि त्यांना एका दुकानाच्या कामासाठी तीन आठवडे बाहेर जावं लागलं. सोबत थोरला भाऊही होता. परत आले ते दोघं एकदमच. दारातच, बूट काढायच्या आधी, भावाने टेबलावरचा ट्रे उचलला आणि म्हणाला, हे काय रे, हात घसरला का तुझा? सासऱ्यांनी बघितलं तर चौथा कोपरा, जो त्यांनी कोरलाच नव्हता, तो कोरलेला. आणि आतल्या दारात बायको उभी. चेहरा लाल झालेला.

"मी पटकन म्हणालो, हो, माझाच हात घसरला," सासरे म्हणाले. "दादाची जीभ तुला ठाऊक आहे. नवी नवरी, तिला कशाला बोलणी खायला लावायची? आणि एकदा बोललो ते बोललो. पुढे सगळ्यांना तेच सांगत राहिलो."

दादा म्हणजे आमचे गुण्याकाका. गुण्या म्हणजे सुतारांचं काटकोन तपासायचं हत्यार, ते काकांच्या खिशात कायम असतं. म्हणून ते नाव. महिन्यातून एकदा येतात, चहा पितात आणि दर वेळी त्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणायचे, एवढा चांगला हात, इथेच कशी माती खाल्लीस? सासरे हसून मान खाली घालायचे. या गावात त्यांच्याइतकी सुबक नक्षी दुसऱ्या कोणाच्या हाताला जमली नाही, आणि बेचाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्याची चूक आपल्या नावावर वागवली. मला त्यांचं कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू? पण त्याच वेळी रागही आला.

"त्यांनी परत कधी काही कोरलं?" मी विचारलं.

"नाही. पटाशी हातात धरली नाही पुन्हा."

"बाबा, चूक तुम्ही घेतलीत ते ठीक आहे. पण कामही घेतलंत की त्यांचं."

ते पटाशीची धार अंगठ्याने बघत बसले. मला वाटलं, जास्त बोलले. पण शब्द मागे घ्यायची माझी तयारी नव्हती.

सासूबाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. मी समोर बसून सोलू लागले आणि त्या दिवशी जे बोलले त्याची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "वाकडाच होता की. त्यात काय?" मी म्हणाले, बाबांनी सांगितलं मला सगळं. त्यांचा हात थांबला.

"ह्यांना कोरताना बघून बघून माझे हात शिवशिवायचे," त्या म्हणाल्या. "विचारायची लाज वाटायची. हे गेले तेव्हा घरात मी एकटी. रोज दुपारी थोडं थोडं करत अकरा दिवस लागले. पान झालं आणि दाखवायला कोणी नव्हतं. मग ह्यांची वाट बघत बसले."

पुढचं मला माहीत होतं. वाट बघून बघून माणूस आला, आणि तिने दाखवायच्या आधीच ते पान त्याचं होऊन गेलं.

"मग तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"कशी सांगू? हे चांगल्या मनाने बोलले होते. मी तोंड उघडलं असतं तर भावासमोर खोटे पडले असते."

मी लॅपटॉप घेऊन आले. मशीन घेतलं त्या दिवशी काढलेल्या एका फोटोत जुना ट्रे होता, चौथा कोपरा बशीखालून अर्धा दिसत होता. ह्यावरून तुमचं पान काढते, मी म्हणाले, जसंच्या तसं, नवा ट्रे करते. त्यांनी चष्मा लावून फोटो मोठा करायला लावला आणि बराच वेळ बघितला.

"इतकं जाड होतं होय ते?" त्या म्हणाल्या. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "माझी चूक मशीनकडून पुन्हा कशाला काढून घ्यायची? आणि ह्या फोटोत तर ती अर्धीच आहे. तू असं कर. तीन कोपरे काढ आणि थांब."

"आणि चौथा?"

"शेडमधून दुपारी हे झोपायला आत येतात ना, तेवढा वेळ मला पुरे आहे."

दुसरी फळी मी स्वतःच निवडली आणि तिच्यावरची पेन्सिलीची खूणही माझीच. फाईलमधला चौथा कोपरा पुसून टाकला. मशीनला कारण लागत नाही. ते तीन कोपरे कोरून निमूट आपल्या जागी जाऊन उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता सासूबाई शेडमध्ये आल्या. जवळजवळ महिन्याने. पानं त्यांनी पेन्सिलीने काढली, खोडली, पुन्हा काढली. ट्रे मी बाकड्याला आवळून दिला. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त एक शीर कोरली आणि घामाघूम झाल्या. मी मदतीला हात पुढे केला तर मनगटावर चापट बसली. मला दम धरवत नाही, हे जगजाहीर आहे. माझ्या मशीनने पस्तीस मिनिटांत केलेलं काम कोणी दिवसचे दिवस करतंय आणि मी शेजारी बसून बघतेय, यापेक्षा कडक शिक्षा मला कोणी दिली नसती. पण चौथ्या दिवसापासून मी मशीन बंदच ठेवून त्या वेळात नुसती बघत बसायला लागले, आणि मला ते आवडायला लागलं.

सासऱ्यांची झोप त्या आठवड्यात भलतीच गाढ झाली होती. एरवी अर्ध्या तासात उठणारा माणूस चारपर्यंत खोलीबाहेर येत नव्हता. पाचव्या दिवशी आम्ही शेडमध्ये गेलो तेव्हा त्यांची सगळ्यात बारीक गोल पटाशी, जिला ते मलाही हात लावू देत नाहीत, ताजी धार लावून बाकड्यावर ठेवलेली होती. सासूबाईंनी ती उचलली, बघितली आणि कामाला लागल्या.

नऊ दिवसांत तीन पानं झाली. या वेळी शीर सरळ होती. पान अजून जाडच होतं, आणि डाव्या पानाच्या टोकाशी लाकूड उचकटलं होतं. सासूबाईंनी तिथे बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "जुनी चूक नाही केली. ही नवी आहे." मी तेल लावलं. तो ट्रे वरच्या फळीवर गेला नाही. चार वाजता त्यातून चहा शेडमध्ये आला, आणि आम्ही तिघांनी नवऱ्याच्या महिनाभराच्या साठलेल्या कागाळ्या एका बैठकीत उरकल्या.

रविवारी गुण्याकाका आले. जुना ट्रे फुटल्याचं त्यांना नवऱ्याकडून कळलंच होतं. सासूबाईंनी चहा बाहेरच्या खोलीत नेला आणि ट्रे त्यांच्यासमोर ठेवला. काकांनी कप उचलायच्या आधी खिशातून गुण्या काढला आणि ट्रेच्या कडेला लावला. जित्याची खोड, दुसरं काय! काटकोन बरोबर निघाला. मग ते वाकून एकेक कोपरा बघू लागले. माझ्या मशीनवर त्यांचा पहिल्यापासून राग, आणि ते चुकत नाही असं मी त्यांना आजवर इतक्यांदा ऐकवलं होतं, की आता काय होणार ते मला दिसत होतं.

"हं," ते म्हणाले. "म्हणजे मशीनचाही हात घसरतो तर."

सासरे खाकरले. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. ते तोंड उघडणार होते आणि काय बोलणार तेही मला ठाऊक होतं, म्हणून मी आधी उघडलं. मनातल्या मनात मशीनची क्षमा मागितली. "हो काका," मी म्हणाले, "माझ्याकडूनच बिट नीट..."

"थांब गं," सासूबाई म्हणाल्या. त्या अजून उभ्याच होत्या. "एकदा झालं तेवढं पुरे. तो कोपरा माझा आहे, भाऊजी. मी कोरलाय. फुटलेल्या ट्रेवरचा होता, तोही माझाच होता."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग धाकट्या भावाकडे. सासऱ्यांनी मान हलवली. त्यांची नजर जमिनीवर होती आणि कान लाल झाले होते. काकांनी बेचाळीस वर्षांचा हिशेब मनात जुळवला असावा, कारण त्यांनी गुण्या परत खिशात टाकला.

"पटाशी धरायला कोणी शिकवलं?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"कोणी नाही."

"दिसतंयच." त्यांनी डाव्या पानाच्या टोकावर अंगठा टेकवला. "इथे तुम्ही लाकडाच्या तंतूंच्या उलट आलात, म्हणून उचकटलं. टोकापासून सुरुवात केलीत ना? देठाकडून जायचं."

लग्न होऊन आल्यापासून काकांनी त्यांना चहात साखर किती एवढंच सांगितलं असेल. सासूबाई पटकन खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या आणि ट्रेवर वाकल्या. "देठाकडून? मग वळणावर काय करायचं?"

काका चमचा उचलून दाखवायला लागले. मी ट्रेमधले चारही कप काढून खाली ठेवले, म्हणजे त्यांना जागा होईल.